नारायणगावला जायचे ते हंगाम पाहून

पुणे-नाशिक महामार्गाला बाह्यवळण मिळाल्यापासून नारायणगावात पाऊल न ठेवता पुढे निघून जाणे फारच सोपे झाले आहे. शिवनेरीला निघालेले, ओझर आणि लेण्याद्रीचे गणपती करणारे आणि नाशिक गाठण्याच्या घाईत असलेले प्रवासी गावाच्या कडेकडेने जातात. जे आत शिरतात तेही बहुधा चहा-मिसळीपुरतेच थांबतात. पुण्यापासून सुमारे 75 किलोमीटरवर, मीना नदीच्या काठी वसलेले हे शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव मुद्दाम जाऊन पाहावे, असे मी ओळखीच्यांना नेहमी सांगतो, आणि त्यावर 'तिथे पाहायला काय आहे?' हा प्रश्न ठरलेला असतो. मी उलट विचारतो की, जाणार कोणत्या महिन्यात? किल्ले, लेणी आणि घाट जुन्नर तालुक्यात जागोजागी आहेत आणि ते बारा महिने जागचे हलत नाहीत. नारायणगावात पाहायची असतात ती माणसांची कामे, आणि ती कोणत्या दिवसांत दिसतील हे शेतीच्या हंगामावर ठरते.

पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत गेलात, तर थेट बाजार समितीचे आवार गाठावे. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचा नारायणगाव येथील उपबाजार टोमॅटोसाठी राज्याबाहेरही ओळखला जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी लावलेली, मल्चिंग पेपरवर आणि ठिबकच्या पाण्यावर वाढवलेली, तार-बांबूवर सुतळीने बांधून उभी केलेली झाडे तेव्हा भरात असतात, आणि आसपासच्या तालुक्यांतून पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये येतो. एका क्रेटमध्ये साधारण 20 किलो. खरेदी करणारा व्यापारी वरचा थर पाहून फसत नाही. तो तळातला एखादा क्रेट ओढून काढायला लावतो, दोन-चार फळे हातात घेऊन अंगठ्याने दाबतो, देठाकडचा रंग पाहतो आणि मग दर बोलतो. पूर्ण लाल झालेले फळ जवळच्या बाजारपेठेत खपते. पण माल दिल्लीच्या वाटेला लावायचा असेल तर नुकताच रंग धरू लागलेला टोमॅटो हवा असतो, कारण उरलेले पिकणे ट्रकमध्ये व्हायचे असते. तोडणी एक दिवस लांबली तर गिऱ्हाईक बदलते आणि भावही बदलतो, हे त्या आवारात अर्धा तास उभे राहिले तरी कळते.

या आवारात शेतकरी एकमेकांना विचारतात तो प्रश्न एकच, 'काय भाव गेला?' त्याच्या उत्तराचा काही नेम नसतो. 2023 च्या मे महिन्यात राज्यात टोमॅटोचे दर इतके पडले होते की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही निघत नव्हते, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये याच बाजारात एका क्रेटला 2,000 रुपयांच्या वर भाव निघाला. शहरात त्या जुलैची चर्चा झाली. मे महिन्याची कोणी फारशी केली नाही. माझ्या मते शहरातल्या प्रत्येक ग्राहकाने एकदा तरी या आवारात यावे, आणि टोमॅटोबरोबर कोथिंबीर, मेथी व शेपूच्या जुड्यांचा लिलावही पाहावा. तिथे बोली एका जुडीवर होत नाही, शेकड्यावर होते, आणि शंभर जुड्यांचा दर ऐकल्यावर आपण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे एका जुडीला काय मोजतो, याचा हिशोब आपोआप मनात सुरू होतो. मात्र काम चालू असताना मध्ये उभे राहू नये, हमालांची वाट अडवू नये आणि कोणाचा फोटो काढायचा असल्यास आधी विचारावे. 'दादा, काढू का?' म्हटले की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

इतका भाजीपाला येथे पिकतो तो पाण्यामुळे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी येडगाव धरण गावाला खेटूनच आहे, आणि मीना नदीवर वरच्या अंगाला वडज धरण आहे. माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही उरलेली तीन. या प्रकल्पाचे पाणी कालव्यांतून पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जाते, त्यामुळे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सोडायचे यावरून वरच्या आणि खालच्या तालुक्यांत दर उन्हाळ्यात ओढाताण होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्याला द्राक्षबागा लागलेल्या दिसतील. काळ्या जम्बो द्राक्षांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे आणि निर्यातीचा माल भरण्याची लगबग तेव्हा सुरू असते. द्राक्षांबद्दल याहून अधिक लिहीत नाही, कारण बागा इतरत्रही पाहता येतात.

इतरत्र सहसा पाहता येत नाही ती गोष्ट गुढीपाडव्याच्या सुमारास इथे घडते. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. रब्बीची कामे उरकली, धान्य घरात आले की गावोगावच्या यात्रा-जत्रा सुरू होतात, आणि यात्रेला तमाशा हवाच असतो. तो ठरवायचा कुठे? राज्यातले नामवंत फड, म्हणजे तमाशाची मंडळे, त्या दिवसांत नारायणगावात आपापल्या राहुट्या टाकतात. राहुटीवर फडमालकाच्या नावाची मोठी पाटी आणि कलावंतांची छायाचित्रे असतात, आत गादी किंवा टेबलखुर्ची आणि समोर तारखांची वही. पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा जिल्ह्यांतून यात्रा कमिटीची मंडळी जीप भरून येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात, दर विचारतात, चहा पितात, उठतात, पुन्हा येऊन बसतात. शेवटी विसार देऊन सुपारी ठरते. चैत्र पौर्णिमा किंवा कालाष्टमी अशा, अनेक गावांची यात्रा एकाच वेळी येणाऱ्या तिथींना दर चढतात. आडव्या तारखेला तोच फड बराच स्वस्तात मिळतो. बाजार समितीत क्रेट विकायला आणणारा शेतकरी इथे कमिटीचा सभासद म्हणून समोरच्या बाजूला बसलेला असतो, आणि घासाघीस करण्यात तो तसूभरही कमी पडत नाही.

दसऱ्याला फड बांधायचा, कनात लावून तिकिटावर खेळ करत हिवाळा काढायचा, पाडव्यापासून यात्रांच्या सुपाऱ्या घ्यायच्या आणि पावसाच्या आधी सामान आवरायचे, असे तमाशाचे वर्ष असते. त्यात सगळ्या वर्षाची कमाई या यात्रांच्या दिवसांवर अवलंबून राहते. दुष्काळ पडला किंवा अवकाळीने पिके झोडपली की गावची वर्गणी आटते आणि सुपारीची रक्कमही खाली येते. करोनाच्या 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी यात्राच भरल्या नाहीत आणि फडांच्या कमाईचा हंगाम कोरडा गेला. या धंद्याचा शेतीशी इतका थेट संबंध असतो, हे मला पुस्तकांपेक्षा या राहुट्यांसमोर अधिक नीट समजले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव याच गावाचे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाचा वारसा त्यांनी चालवला, राष्ट्रपतींकडून गौरव मिळवला आणि तरीही उतारवयात हलाखी पाहिली. 2002 मध्ये त्या गेल्या. राज्य शासन आता त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. पाहुण्याने राहुट्यांपाशी जावे, पण तमाशा बघावा तो एखाद्या गावच्या यात्रेत, गण-गवळणीपासून वगापर्यंत, रात्र जागवून. मोबाइलवर पाहिलेल्या पाच मिनिटांच्या लावणीवरून तमाशाविषयी मत बनवणाऱ्यांना बतावणीतला, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांतला, हजरजबाबीपणा ठाऊकच नसतो.

गावाच्या पूर्वेला काही किलोमीटरवर खोडद आहे, आणि तिथे कांद्याच्या व उसाच्या शेतांवर डोके काढून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 खोडदला जवळजवळ आहेत आणि उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडी जवळून पाहिली तर पत्रा कुठेच दिसत नाही. पोलादाच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवलेली असते. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना ती जाळी भरीव आरशासारखीच असते, आणि वारा मात्र तिच्यातून पार निघून जातो. त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. शहरी रेडिओगोंगाटापासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाला असलेली जागा हवी म्हणून हा परिसर निवडला गेला. 2023 च्या जूनमध्ये विश्वात पसरलेल्या मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगातील निरनिराळ्या गटांनी जाहीर केले, तेव्हा त्यांपैकी एका निष्कर्षात इथल्या निरीक्षणांचा वाटा होता. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञानप्रदर्शन भरते आणि शाळांच्या सहलींची रीघ लागते. मुलांना न्यायचे असेल तर त्याच सुमारास जावे.

दुर्बिणीविषयी गावकऱ्यांना अभिमान आहे, पण तक्रारही आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ आराखडा या भागातून जाणारा होता. दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून मार्ग दुसरीकडून नेण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतल्यापासून इथे नाराजी आहे. नाशवंत माल पिकवणाऱ्याला रेल्वे किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या बाजूला, एकदा रेडिओगोंगाट वाढला की अशी दुर्बीण उचलून अन्यत्र नेता येत नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

जेवायला मासवडी मागावी. नाव तसे असले तरी पदार्थ शाकाहारी आहे. बेसनाचे घट्ट पिठले शिजवून ओल्या कापडावर थापतात, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरतात आणि कापडाच्याच आधाराने वळकटी करून तिला माशासारखा आकार देतात. मग वड्या कापायच्या आणि झणझणीत काळ्या रश्शात बाजरीची भाकरी कुस्करून त्यांच्याबरोबर खायची. घाईच्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये, कारण ती ताजी करून मिळेल तिथेच खाण्यात अर्थ आहे.

परिसरात कृषी पर्यटन केंद्रांवर मुक्कामाची सोय होते. तिथे राहणार असाल तर अंधार पडल्यावर शेताच्या बांधाने फिरायला निघू नये आणि लहान मुलांना अंगणाबाहेर सोडू नये, हे यजमान सांगतील आणि ते तंतोतंत पाळावे. धरणे आली, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. आता कित्येक बिबटे जन्मापासून उसातच वाढतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. या पट्ट्यात माणसांवरही हल्ले झाले आहेत, आणि म्हणूनच रात्रीऐवजी दिवसा वीज द्यावी, पाणी धरायला काळोखात उसात जावे लागू नये, ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी तुम्हाला जवळजवळ प्रत्येक ओट्यावर ऐकू येईल.