चार्ज की ब्लॉक: घोडं पायांपाशीच अडलंय

मी बास्केटबॉलचा रेफरी. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की चार्ज-ब्लॉक जमायला लागलंय, म्हणजे धडकेत चूक अटॅकरची (चार्ज) की डिफेंडरची (ब्लॉक) हे ओळखणं. रविवारी १४ वर्षांखालच्या मुलांच्या मॅचमध्ये तो तोरा उतरला. शेवटचं मिनिट, फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला), लेअप (रिंगजवळ उडी मारून टाकलेला बॉल), धडक, डिफेंडर पाठीवर. मी लगेच तळहातावर मूठ आपटली, म्हणजे चार्ज. धडकेच्या वेळी बॉल हातातच होता, म्हणून बास्केटही रद्द. रात्री व्हिडिओ पाहिला, तर अटॅकर हवेत गेल्यावर डिफेंडरचा डावा पाय वाटेत आलेला. सरळसरळ ब्लॉक. बास्केट द्यायची, वर एक फ्री थ्रो. एका पॉइंटने हरली त्या अटॅकरची टीम.

नियम पाठ आहे, नजर चुकते. मी बॉलच बघत बसतो. त्यात या वयाची पोरं नुसत्या धक्क्यानेही कोलमडतात, आणि पडलेलं पोर दिसलं की शिटी वाजतेच. आता लीडला (रिंगखालच्या रेफरीच्या जागी) असताना सक्तीने डिफेंडर बघतो. तोंड अटॅकरकडे आणि दोन्ही पाय जमिनीवर कधी आले, उडीच्या आधी की नंतर, एवढंच. कालच्या सराव मॅचमध्ये चारपैकी तीन कॉल व्हिडिओशी जुळले! घरी येऊन दोनदा चहा घेतला त्या आनंदात.

पालकांची ठरलेली आरोळी: "अहो सर, तो हलत होता!" हलू दे की. डिफेंडरने लीगल गार्डिंग पोझिशन (तीच, तोंड अटॅकरकडे आणि दोन्ही पाय जमिनीवर) घेतल्यावर बाजूला, मागे सरकायला फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, ना नाही. पुढे अंगावर गेला तर गोष्ट वेगळी.

आमच्या सिमेंट कोर्टावर नो-चार्ज अर्धवर्तुळच (रिंगखालचा भाग, जिथे सहसा चार्ज देत नाहीत) नव्हतं. एंडलाइनपासून (रिंगमागच्या रेषेपासून) १.५७५ मीटर मोजून मध्य काढणार होतो, पण आमचा खांब वाकलेला. मग रिंगच्या मधोमध ओळंबा सोडला, १.२५ मीटर सुतळी, खडू, झालं. (स्वस्तातली नकली फॉक्स ४० शिटी घेऊ नका. माझी ऐन गोंगाटात फुसफुसली.)

पुढे रोज स्लो मोशनमध्ये क्लिपा बघायचं ठरवलं होतं. पण लिहितालिहिता लक्षात आलं, स्लो मोशनमध्ये माझं कधीच चुकत नाही, मग त्यात सराव कसला? त्यापेक्षा पूर्ण वेगात बघायचं, धडकेला थांबवायचं, कॉल वहीत लिहायचा, मग हळू करून ताडायचं. आणि भाचीला सांगितलंय, शनिवारी एंडलाइनवर मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धर, फक्त पाय घे.