कागद १४ : दुबार चंद्राचा गुंता आखाजीने सोडवला

गिरणाकाठच्या दफ्तरातला कागद १४, म्हणजे हप्त्याच्या तगाद्याचा मोडी कागद, एकदाचा जागेवर बसला. मागच्या नोंदीत तो ‘जून १८१७, पेशवाई’ या खान्यात टाकला होता. साफ चूक. तो ३० मे १८१८ च्या आसपासचा आहे. फरक जेमतेम वर्षाचा, पण खानदेशाचा अंमल ज्या वर्षात पालटला तेच हे वर्ष. तेव्हा ज्यांनी तारखांची जुनी शीट उतरवून घेतली असेल त्यांनी ती आधी काढून टाका.

साल शुहूर सनाचं आहे, म्हणजे मराठी दफ्तरांतलं, अरबी अंकशब्दांत लिहायचं साल. ओळ ‘समान अशर मयातैन व अलफ’ अशी आहे. एकक आधी, म्हणून ८ + १० + २०० + १००० = १२१८. पहिल्या फोटोत ‘समान’चा (आठ) ‘सबा’ (सात) दिसत होता, तो घोळ फोटोचा निघाला. मोबाइलमधली स्कॅनिंग ॲप कागद ‘स्वच्छ’ करायच्या नादात बोरूची बारीक वळणं खाऊन टाकतात. मोडीसाठी ती वापरूच नयेत या मतावर आता शिक्कामोर्तब. साधा फोटो घ्यायचा, फ्लॅश बंद, टेबललॅम्प डावीकडून जवळजवळ कागदाला टेकवून तिरपा. मग फोटोतला फक्त लाल चॅनेल काळ्या-पांढऱ्यात पाहायचा. पाण्याचे तपकिरी डाग फिके पडतात, काजळाची शाई काळीच राहते. ‘समान’ अगदी लख्ख दिसला, आणि पाठीवर फसली (महसुली साल) १२२७ चा आकडाही उठून आला. शुहूर आणि आपली दक्षिणी फसली यांत ९ चं अंतर, १२१८ + ९ = १२२७. ताळा जुळला.

इथवर सोपं होतं. पुढे मात्र दोन महिने गेले.

कागदावर चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, २४ रजब आहे; लिहिताना ‘छ २४ रजब’. साल मृगापासून मोजायचं, महिना मुसलमानी चंद्राचा. आपला नेहमीचा नियम असा की मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत शुहूर सालात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. १२१८ चं साल म्हणून ५-६ जून १८१७ च्या सुमाराला सुरू होऊन पुढच्या जूनच्या सुरुवातीला संपतं. शीटमध्ये हाच नियम घातला होता. तिने पहिला सापडलेला रजब उचलला, ९ जून १८१७ असं उत्तर दिलं आणि गप्प बसली.

गोम अशी आहे की मृगसाल सौर, ३६५ दिवसांचं, तर चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. साल सुरू होताना जे दहा-अकरा चंद्र असतात तेच साल संपताना पुन्हा येतात. १२१८ मध्ये ते नेमके रजबच्या शेवटच्या तिसऱ्या भागात पडले. हिशोब करून बघा. हिजरी १२३२ चा १ मोहरम २१ नोव्हेंबर १८१६ ला, १२३३ चा ११ नोव्हेंबर १८१७ ला. रजब सातवा महिना, त्याआधी १७७ दिवस जातात. मग १ रजब पडतो १७ मे १८१७ ला आणि ७ मे १८१८ ला. त्यावरून २४ रजब म्हणजे ९ जून १८१७, किंवा ३० मे १८१८. दोन्ही दिवस त्याच १२१८ सालात! चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे होईल, पण त्याने दुबारपणा जात नाही.

दर वर्षी ही पट्टी ११ दिवसांनी सरकते. सालाच्या दोन्ही टोकांचे धरून शंभर कागदांत सहाएक कागद या फासात अडकणारच, आणि त्यातले निम्मे शीटमध्ये बिनबोभाट चुकीचे बसलेले असणार.

एक इशारा. ऑनलाइन हिजरी कॅलेंडरात १२१८ हेच साल म्हणून टाकू नका. हिजरी १२१८ चा रजब येतो १८०३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, इंग्रज-मराठ्यांच्या असईच्या लढाईनंतर लगेच. तेव्हाही प्रांतात फौजा फिरत होत्या, त्यामुळे कागदातला मजकूर त्या काळाला छान चिकटतो आणि चूक ध्यानातच येत नाही.

वारावरून सोडवायचा प्रयत्न फसला. ९ जून १८१७ सोमवार, ३० मे १८१८ शनिवार. कागदात वार ‘रवि’. एक दिवसाची सूट दोन्हीकडे द्यावी लागते, सोमवारच्या अलीकडे रविवार आणि शनिवारच्या पलीकडेही रविवारच. बसा आता.

तिथीही कामाची नव्हती. दोन्ही दिवस वद्य पक्षातले, नवमी-दशमीच्या आसपासचे. फरक फक्त महिन्यात होता, १८१७ ला ज्येष्ठ आणि १८१८ ला वैशाख, कारण मध्ये अधिक महिना पडतो. आणि महिना लिहिलेला कोपराच वाळवीने खाल्लेला.

मग लाल चॅनेलच्या फोटोत मजकुराची चौथी ओळ पुन्हा वाचली. वसुलीच्या हप्त्याचा वायदा आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) होता आणि आखाजी होऊन तीन आठवडे झाले, असा तगादा आहे. आधी ते ‘आखाजी’ कुणाचं तरी नाव म्हणून सोडून दिलं होतं! खानदेशी माणसाने आखाजी ओळखू नये, काय म्हणावं? १८१८ ला आखाजी ८ मे च्या सुमाराला, तिथून ३० मे पर्यंत २२ दिवस. १८१७ ला ती एप्रिलच्या १९ च्या आसपास, तिथून ९ जूनपर्यंत पन्नासावर दिवस होतात. तीन आठवडे एकाच जागी बसतात.

शीटची दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक मृगसालाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा चंद्र दोन रकान्यांत टाकायचा. कागदाचा चंद्र त्या दोहोंच्या मध्ये पडला तर शीटमधला तो चौकोन पिवळा आणि उत्तरं दोन, निवड माणसाने करायची. सूत्राला एकच उत्तर द्यायची मुभा ठेवू नका.

आता खरी अडचण ‘अंमल’ या रकान्याची. त्यात दोनच पर्याय ठेवले होते, पेशवाई आणि कंपनी, आणि रेघ १८१८ वर मारलेली. ३० मे १८१८ ला काय स्थिती होती? थाळनेरचा किल्ला फेब्रुवारीतच इंग्रजांकडे गेलेला. मालेगावच्या किल्ल्यात अरब अजून लढत होते, तो जूनच्या मध्याला पडला. बाजीराव पेशवा ३ जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. म्हणजे तगादा लावणारा ‘सरकार’ म्हणतोय ते कोणाला? कागद सांगत नाही, आणि लिहिणाऱ्याने ते मुद्दाम मोघम ठेवलं असावं असं वाटतं. पाटलाला मात्र हप्ता भरायचाच होता.

आधी ठरलं होतं की या रकान्यात ‘संधिकाळ’ असा तिसरा पर्याय घालायचा. लिहितालिहिता ते पटेनासं झालं. संधिकाळ सगळ्या खानदेशाचा एक नव्हताच. होळकरांकडचा मुलूख ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने गेला. पेशव्यांकडचा किल्ल्याकिल्ल्याने गेला. शिंद्यांचे काही परगणे तर पुढेही बराच काळ त्यांच्याकडेच राहिले. म्हणून वर्षाची रेघच पुसायची आणि परगणानिहाय वेगळा तक्ता करायचा: परगणा, आधी कोणाकडे, कशाने गेला (तह, वेढा, तैनात), कोणत्या दिवशी. मग कागद तारीख आणि परगणा या दोन चाव्यांनी तपासायचा. काम तिप्पट होईल, पण १९०६ ची पूर्व-पश्चिम खानदेशाची फाळणी आणि १९९८ चा नंदुरबार जिल्हाही याच तक्त्यात पुढे लावता येतील, आजच्या तालुक्यावरून मागे जाणं सोपं पडेल.

त्यामुळे १८५२ च्या जमीन-पाहणीविरुद्धच्या सावदा-फैजपूरकडच्या दंग्यांचा गठ्ठा या महिन्यात उघडत नाही. बिघे आणि एकरांचा मेळही तूर्त लांबणीवर. मोजणीच्या ३३ फुटी साखळीने एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, एवढं पक्कं आहे. त्याआधीचा बिघा गावागणिक वेगळा, त्याला स्वतंत्र नोंद लागेल.

कोणाकडे १८१७-१८ चे कागद असतील तर चंद्र, वार आणि सणाचा उल्लेख हे तीन वेगवेगळ्या रकान्यांत टाका. सणाचा रकाना रिकामा राहिला तरी काढू नका.