दोन पिंपं, एकाच शेतातला मका

पूर्व तिमोरच्या ऐलेऊ भागात, डोंगरातल्या एका वस्तीवर त्या दिवशी दोन भावांची पिंपं उघडायची होती. दोन्ही लोखंडी, दोनशे लिटरची, प्रत्येकात दीडशे किलोच्या आसपास मका मावतो. भरलेला मकाही एकाच शेतातला. नोव्हेंबर लागलेला, म्हणजे साठा संपत आलेला आणि नवं पीक अजून दूर, असे इथले उपासमारीचे महिने सुरू.

थोरल्याच्या पिंपाचं झाकण काढलं आणि कुबट वासाचा भपकाराच आला. हात घातला तर दाणे कोमट. ओंजळभर वर काढले, निम्म्यांना भोकं, बोटांना पीठ. धाकट्याच्या पिंपातला मका टणक होता. अधूनमधून मेलेले टोके, बस.

मी दोन्ही झाकणं उलटी करून पाहिली. थोरल्याच्या झाकणाची रबरी वादी गायब, तिथे चिंधी कोंबलेली. आत पाण्याचे थेंब. मका ओलसर भरला होता, वर दर दोन दिवसांनी पिंप उघडून खायला काढत होते. पिंप धान्य राखतं ते लोखंडामुळे नव्हे, हवाबंद असल्यामुळे. आतले टोके श्वास घेऊन प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात. हवा मिळत राहिली की त्यांची वाढ चालूच. लोक वर मेणबत्ती पेटवून झाकण लावतात. तिने थोडा प्राणवायू कमी होतो, सगळा नाही. खरं काम वादीचं.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. मीठ तव्यावर कोरडं भाजायचं, काचेच्या कोरड्या बाटलीत तिसरा हिस्सा मका आणि दोन चमचे मीठ घालून मिनिटभर हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर. मका परत उन्हात. तेरा टक्क्यांपर्यंत आणलेला बरा. पिंप काठोकाठ भरायचं, सावलीत फळ्यांवर ठेवायचं आणि रोजच्या खाण्याचा मका वेगळ्या डब्यात काढायचा.

इंडोनेशियापासून वेगळं होण्याचा कौल दिल्यावर १९९९मध्ये झालेल्या जाळपोळीत इथली घरं, साठवण, जनावरं गेली. २००२च्या स्वातंत्र्यानंतर ‘सेले’सारखी मक्याची जास्त पिकणारी वाणं आली. पण पूर्वी चुलीवरच्या धुरात टांगलेली कणसं जेवढी टिकायची, तेवढाही हा मका टिकला नाही, तर जास्त पिकवून उपयोग काय? ज्यांनी पिंपं वाटली त्यांनी वापरायची रीतही शिकवायला हवी होती. याचा मला राग येतो.

निघण्याआधी थोरल्याच्या मक्यातले शंभर चांगले दिसणारे दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी मोड आले ते सोळा दाण्यांना. पेरणीचं बियाणं धाकट्याच्या पिंपातून मोजून घेतलं.