संघ जिंकला, मंडळ जिंकले, पलटण जिंकली

मालवण तालुक्यातल्या कबड्डी स्पर्धांच्या बातम्या मी एका जिल्हा दैनिकासाठी लिहिते. भातकापणी उरकली की गावोगावी मैदानं आखली जातात आणि मध्यरात्री अंतिम सामना संपला की बातमी मोबाइलवरच टाइप करून धाडायची. एकाच पानावर ‘मंडळ उपांत्य फेरीत पोहोचले आहे’ आणि शेजारी ‘मंडळ पोहोचले आहेत’ असं छापून येऊ लागलं, तेव्हा उपसंपादकांनी आम्हा बातमीदारांसाठी एक टिपण करायला मला सांगितलं.

जुनी कात्रणं काढून वाक्यं वेगळी केली. भूतकाळातल्या सकर्मक वाक्यांत वादच नव्हता. ‘मंडळाने सामना जिंकला’, ‘मंडळाने आघाडी घेतली’, ‘मंडळाने सात गुण मिळवले’: कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद सामन्याच्या, आघाडीच्या, गुणांच्या मागे जातं. अडचण येते ती हरणे, उतरणे, पोहोचणे अशा क्रियापदांशी.

त्यात खरी मेख ‘मंडळ’ या शब्दाची. आमच्याकडे बहुतेक संघ गावच्या मंडळाच्याच नावाने उतरतात. शब्द नपुंसकलिंगी, एकवचनी. बोलताना आपण ‘मंडळ हरलं’ म्हणतो, छापताना ‘हरले’ करतो. आणि ‘मुलगे हरले’ यातलं अनेकवचनही ‘हरले’च. डोळ्यांना फरक दिसत नाही. समोर सात खेळाडू दिसत असतात, म्हणून हात पुढे ‘आहेत’ लिहून जातो. यावर उपाय वाक्य बोलून बघण्याचा. ‘मंडळ हरलं आहेत’ असं कुणाच्याच तोंडून येणार नाही. टिपणात हे मी सगळ्यात वर घातलं.

दुसरी वाट इंग्रजीतून येते. ब्रिटिश वार्ताहर इंग्लंडच्या संघाला सर्रास ‘आर’, म्हणजे ‘आहेत’, लावतात. अमेरिकी बातम्यांत शहराचं नाव एकवचनी चालतं, पण संघाचं नाव अनेकवचनी, अगदी ऑर्लँडो मॅजिक हा शेवटी ‘एस’ नसलेला बास्केटबॉल संघसुद्धा. त्यांच्या भाषेत ते रुळलंय. घाईच्या भाषांतरातून मात्र आपल्या पानावर ‘इंग्लंड फलंदाजी करत आहेत’ उतरतं. मराठीत इंग्लंड फलंदाजी करत आहे, एवढंच.

नावांचा भाग मला मनापासून आवडला. 2024 मध्ये पुणेरी पलटण प्रो कबड्डीत अजिंक्य ठरली. मैदानात सगळे पुरुष, तरी पलटण ‘जिंकली’च, आणि समोरचे हरियाणा स्टीलर्स ‘हरले’. बॅडमिंटनमधली सात्विक-चिराग जोडी ‘जिंकली’, पण सात्विक आणि चिराग ‘जिंकले’. प्रो कबड्डीतल्याच यू मुंबावर मात्र आमच्यात एकमत होईना. कुणी मनात संघ धरून ‘जिंकला’ म्हणे, कुणी मुंबई धरून ‘जिंकली’. शेवटी ‘यू मुंबाचा संघ’ असं लिहायचं ठरलं.

मी सर्वांत जास्त अडले ते मुलींच्या सामन्यांपाशी. 2025 मध्ये महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा ‘भारत जिंकला’ हे सगळ्यांनीच आनंदाने लिहिलं आणि ते बरोबरच. पण आमच्या एका बातमीत होतं, ‘मुलींचा संघ दमला होता, तरी तो जिद्दीने खेळला.’ व्याकरणात खोट नाही. तरी त्या ‘तो’मध्ये मुली कुठे आहेत? तेव्हा ठरवलं, निकाल संघाचा आणि एकवचनी, खेळ माणसांचा. ‘संघ अंतिम फेरीत पोहोचला. शेवटच्या चढाईला तिघींनी मिळून पकड केली.’ पकड कुणी केली हे वाचणाऱ्या आईबापांना कळलंच पाहिजे.

मसुदा गावातल्या निवृत्त गुरुजींना दाखवला. ‘संघ मैदानात उतरला. त्यांनी नाणेफेक जिंकली,’ इथे त्यांनी पेन्सिल टेकवली. एकवचनानंतर ‘त्यांनी’ कसं? मी म्हटलं, गुरुजी, ‘त्याने नाणेफेक जिंकली’ म्हटलं तर एकच गडी डोळ्यांसमोर येतो. त्यांनी दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली आणि खूण पुसली.

शेवटची ओळ कचेरीत बातम्या तपासणाऱ्या टेबलावरच्या मंडळींसाठी घातली. मालवणीत ‘आमचो संघ जिंकलो’ हे शुद्ध एकवचन आहे. प्रशिक्षकाच्या तोंडचं हे वाक्य ‘आम्ही जिंकलो’ असं बदलू नये, अवतरणात जसंच्या तसं ठेवावं.