शंभर मिलिमीटर पावसाचे नदीत किती पाणी?

पावसाळा सुरू झाला की खडकवासला साखळीतील चार धरणांचे साठे आणि त्यांच्या पाणलोटातील पाऊस हे आकडे पुण्यात रोज वाचायला मिळतात, आणि त्यांपैकी टेमघरला आदल्या दिवशी शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस झालेला असला की ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, की आता मुठा नदीत किती पाणी येणार. नदीच्या प्रवाहाची संगणकीय मॉडेले तयार करणे हेच माझे काम असल्यामुळे त्यांची अपेक्षा रास्त आहे. परंतु नुसत्या पावसाच्या आकड्यावरून मला उत्तर देता येत नाही. त्याआधीचा पंधरवडा कसा गेला आणि जमीन किती भिजलेली होती, हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर अंदाजपंचेच ठरते.

एक साधे गणित करून पाहावे. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केलेली ‘कर्व्ह नंबर’ पद्धत आजही आपल्याकडे सर्रास वापरली जाते. तिच्यात जमिनीचा प्रकार, तिच्यावरील पीक किंवा झाडोरा आणि तिच्यातील ओलावा यांवरून शंभरपर्यंतचा एक अंक ठरवतात. अंक जितका मोठा, तितके पाणी कमी मुरते. एखाद्या पाणलोटाचा अंक मध्यम ओलाव्याला ७५ असेल, तर १०० मिलिमीटर पावसातून सुमारे ४१ मिलिमीटर पाणी ओढ्या-नाल्यांत उतरते. तीच जमीन कोरडी असताना पद्धतीच्या तक्त्यानुसार अंक ५७ होतो आणि वाहून येणारे पाणी १५ मिलिमीटरवर येते. ती पूर्ण भिजलेली असताना अंक ८८ होतो आणि पाणी ६८ मिलिमीटरवर जाते. म्हणजे शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून मृगाच्या पहिल्या पावसात १५ लाख घनमीटर पाणी आले, तर तेवढ्याच पावसाने जुलैअखेरीस ६८ लाख घनमीटर पाणी येईल. पाऊस तोच आणि डोंगरही तोच असताना पडणारा हा साडेचार पटींचा फरक केवळ जमिनीतील ओलाव्याचा आहे.

या पद्धतीची अडचणही इथेच आहे. जमीन कोरडी की भिजलेली, हे ती मागील पाच दिवसांच्या पावसावरून ठरवते: पिकांच्या हंगामात ३५.६ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर कोरडी, ५३.३ च्या वर असेल तर भिजलेली. आपल्या घाटमाथ्यावर ही वरची मर्यादा एका दुपारीत ओलांडली जाते. त्यामुळे पाऊस आठवड्यापूर्वी लागला की महिन्यापूर्वी, हे अशा मॉडेलला कळतच नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही जमिनी सारख्याच भिजलेल्या असतात. म्हणूनच मी शक्य तिथे ओलाव्याचा सलग हिशेब ठेवणारे मॉडेल निवडतो, ज्यात रोजचा पाऊस जमा होतो, बाष्पीभवन, झिरप आणि वाहून गेलेले पाणी वजा होते आणि शिल्लक दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर ओढली जाते.

मात्र या हिशेबातील प्रत्येक प्रक्रिया कशी मांडली आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. अमेरिकी जलशास्त्रज्ञ हॉर्टन यांनी १९३३ साली मांडलेल्या विचारानुसार पाऊस जमिनीच्या शोषणक्षमतेपेक्षा जोराचा झाला की उरलेले पाणी पृष्ठभागावरून वाहू लागते. मुळशी-वेल्ह्याच्या उतारांवर जुलैत वेगळेच घडते. मातीचा थर पातळ आणि खाली बेसॉल्टचा कातळ असल्यामुळे माती खालून भरत येते, उताराच्या पायथ्याशी उमाळे फुटतात आणि मग साध्या रिमझिमीचे पाणीही जिरायला जागा न उरल्याने वाहून जाते. तिथे पावसाच्या जोरापेक्षा माती कुठवर भरली आहे, याला महत्त्व येते. याउलट दौंड-इंदापूरकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खोलवर उतरते, आणि चार-दोन चांगले पाऊस झाले की माती फुगून भेगा मिटतात व पाणी साचू लागते. एकाच शेताची पाणी पिण्याची क्षमता एका हंगामात या टोकापासून त्या टोकाला जात असताना मॉडेलमध्ये वर्षभरासाठी एकच आकडा भरणे मला कधीच पटलेले नाही, आणि तरीही बहुतेक अहवालांत तेच केलेले असते.

पाऊस थांबल्यानंतरच्या नदीकडे तर आमच्या व्यवसायात फारच कमी लक्ष दिले जाते. बेसॉल्टच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात साठलेले पाणी हळूहळू ओढ्यांना मिळत राहते आणि त्यावरच ते हिवाळ्यात वाहतात. हा साठा उथळ असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत अनेक ओढे आटतात. मॉडेलचा प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतो, याची कसोटी ज्या नॅश-सटक्लिफ गुणांकाने घेतली जाते, तो १९७० सालचा गुणांक चुकांचा वर्ग करून बेरीज घेतो, त्यामुळे पुराच्या दिवसांतील मोठ्या चुकाच त्यात भारी ठरतात. पुरात उत्तम जमलेले मॉडेल हिवाळ्यात नदीला दुप्पट पाणी दाखवत असले, तरी गुणांक फारसा खाली येत नाही. पिण्याचे पाणी आणि रब्बीची पिके ज्या प्रवाहावर अवलंबून आहेत, तो असा दुर्लक्षित राहावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

शहरात मात्र हेच गणित वेगळ्या वाटेने जाते. खडकवासल्याच्या खाली मुठेचा पूर बव्हंशी धरणाच्या दरवाजांतून होणाऱ्या विसर्गाने ठरतो, आणि तो निर्णय निसर्गाचा नसल्यामुळे मॉडेलमध्ये वेगळा भरावा लागतो. आंबिल ओढ्याचे तसे नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला, तेव्हा कात्रजच्या डोंगरापासून सहकारनगर-अरण्येश्वरपर्यंतचे छोटे, उताराचे आणि बरेचसे काँक्रीटखाली गेलेले पाणलोट क्षेत्र पाण्याला थोपवू शकले नाही. काँक्रीटचा कर्व्ह नंबर ९८ धरतात. तिथे मुरणे जवळजवळ संपते आणि पाऊस ते पूर हे अंतर तासांवरून मिनिटांवर येते. अशा ठिकाणी दिवसाच्या पावसाचा आकडा निरुपयोगी असतो, दर पंधरा मिनिटांचा पाऊस लागतो.

सर्वांत फसवी चूक मात्र पावसाच्याच आकड्यात असते. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर पन्नास-साठ किलोमीटरवरील ताम्हिणीच्या परिसरात तो काही हजारांवर जातो. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक असताना पर्जन्यमापक मात्र बहुधा रस्त्याजवळ, गावाजवळ किंवा धरणाच्या भिंतीपाशी असतात आणि माथ्यावरचा पाऊस नोंदीत येतच नाही. मग मोजलेल्या पावसाच्या मानाने नदीत येणारे पाणी अनपेक्षितपणे जास्त भरते, आणि मॉडेल जुळवणारा अभियंता, बहुतेकदा नकळत, बाष्पीभवन कमी करून किंवा मुरणे घटवून तो फरक भरून काढतो. आलेख सुरेख जुळतो. पण त्या मॉडेलमधील झाडे आणि शेते वास्तवापेक्षा निम्मेच पाणी हवेत सोडत असू शकतात, आणि उद्या त्याच मॉडेलला उसाचे क्षेत्र वाढल्यावर भीमेत किती पाणी उरेल असे विचारले, तर ते अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल. म्हणून माझ्याकडे कोणी मॉडेल तपासायला आणले, तर पुराचा आलेख मी नंतर पाहतो. आधी वर्षभराचा बाष्पीभवनाचा आकडा मागतो आणि तो त्या भागातील पिकांशी व झाडोऱ्याशी पडताळून पाहतो.