पहिला बाक

"बाई, दोनशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र, पस्तीस पोरं. त्यात प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वेगळं नियोजन कसं काय जमतं?" शिक्षण परिषदेत कुणीतरी विचारतंच. त्यात कौतुक कमी, 'कागदावरच ना?' जास्त.

तर ऐका. पस्तीस जणांचं करत नाही. सहा जणांचं करते, त्यातलं निम्मं हुकतं.

चार वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगी आली. अल्बिनिझम, म्हणजे अंगात जन्मतःच रंगद्रव्य कमी. केस, पापण्या पांढऱ्या, प्रमाणपत्रावर 'अल्पदृष्टी'. आराखडा मी मनापासून केला होता, हे आधीच सांगते. मोठ्या ठशाच्या झेरॉक्स, जाड रेघांची वही, आणि सगळ्यात वर 'पहिल्या बाकावर बसवणे'. अल्पदृष्टी म्हटलं की हे हातून आपोआप लिहिलं जातं. तपासणीत फाईलला 'छान' असा शेरा मिळाला.

पोरगी मात्र दिवसभर मान खाली घालून. "वर बघ गं," म्हणून मी रोज टोकायची. एकदा चिडून हनुवटी धरून तोंड फळ्याकडे वळवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, नाटक.

दिवाळीनंतर तिची आजी आली. "घरी वाचती की. सांजचं, कणगीमागं बसून, पुस्तक नाकाला लावून."

त्या दिवशी मी त्या बाकावर जाऊन बसले. समोरच दार, बाहेर फरशीवर अकराचं ऊन. माझेच डोळे मिटले. अशा डोळ्यांना उजेडाचा जाच होतो, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं!

मग तिला खिडकीकडे पाठ करून भिंतीकडेला बसवलं, वर्गातही टोपी घालू दिली, हवं तेव्हा उठून फळ्याजवळ जायची मुभा दिली. पैसा लागला नाही.

तेव्हाची मी म्हणेल, खिचडीच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, यात बघणार कधी? खोटं नाही ते. पण बाकावर बसायला दोन मिनिटं लागली. ती जूनपासून मिळाली नाहीत, हे माझं मलाच पटत नाही.

तिच्याकडे प्रमाणपत्र तरी होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. चौथीतला माझा एक मुलगा त्यातल्या कशातच बसत नाही. त्याची फाईल नाही. परवा हातच्याच्या बेरजेसाठी दोघांनी मिळून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, सोडले, पुन्हा बांधले. जमलं त्याला. जेवणाच्या सुट्टीनंतर विचारलं, तर म्हणतो, "कुठल्या काड्या, बाई?"