विजेचा शोध कोणी लावला? तुम्ही विचारलंत म्हणून

भौतिकशास्त्र शिकवते असं कळलं की लोकांना हमखास हा प्रश्न सुचतो. विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, प्रश्नमंजुषा काढणारे तर फोन करून विचारतात. शिवाय उत्तर एका नावात हवं, कारण रकाना तेवढाच असतो. मी ‘कुठल्या विजेचा?’ म्हटलं की समोरचा चेहरा सांगतो, हिला साधं काही बोलताच येत नाही. एकदाच लिहून टाकते.

बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ मध्ये ढगातली वीज उतरवायला पतंग उडवला, ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे, ती सोडू. फक्त १७५२ च्या आधीच लोक घासून तयार केलेली वीज लायडनच्या बरणीत साठवत होते आणि हौसेने झटके खात होते, एवढं लक्षात ठेवा. फ्रँकलिनचं म्हणणं होतं की ढगातली आणि बरणीतली वीज एकच. तेही फ्रान्समध्ये त्याच्याच सूचनेवरून उंच लोखंडी दांडा उभारून मे महिन्यात ताडून झालं होतं, पतंगाची बातमी कुणी ऐकायच्या आधी.

आता माझ्या एका मुलाखतीची गोष्ट. नोकरी शिकवायचीच होती आणि मला तिची गरज होती. समितीतल्या ज्येष्ठ गृहस्थांनी सुरुवातीलाच हा प्रश्न टाकला, बहुधा माझी भीड मोडावी म्हणून. मी विचारलं, “कुठल्या विजेचा, सर?” ते हसले. “एक नाव सांगा हो.”

मी गिल्बर्टपासून सुरुवात केली. राणी एलिझाबेथच्या काळातला हा इंग्रज डॉक्टर. १६०० साली त्याने अंबर (झाडाचा दगडासारखा झालेला चीक, घासला की त्यात वीज येते) आणि चुंबक यांची फारकत केली. अंबर घासावा लागतो, चुंबकाला घासायची गरज नाही. घासलेला अंबर कसलाही हलका कपटा उचलतो, चुंबक लोखंडासारख्याच वस्तू ओढतो. दमट हवेत अंबर ढेपाळतो, चुंबकाला हवेचं सोयरसुतक नाही. मध्ये कागद धरला की अंबराची ओढ अडते, चुंबकाची आरपार जाते.

“म्हणजे गिल्बर्ट,” एकजण पेन सरसावत म्हणाले. “नाही सर, त्याने दोघांना वेगळं केलं. जोडलं डेन्मार्कच्या एर्स्टेडने.”

नमुना पाठासाठी टेबलावर होकायंत्र, सेल आणि तार ठेवलेली होती. मी तार सुईच्या वर, सुईच्याच दिशेने उत्तर-दक्षिण ताणून धरली आणि टोकं सेलला टेकवली. सुई तारेकडे ओढली गेली नाही, तारेपासून दूरही ढकलली गेली नाही. ती आडवी वळू लागली. तार सुईखालून नेली, तर उलट्या बाजूला वळली. गुरुत्वाकर्षण घ्या किंवा कुलोमने १७८५ मध्ये मोजलेलं विद्युतबल घ्या, दोन्ही दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेतच ओढतात किंवा ढकलतात. इथे तारेभोवती गोल फिरणारं काहीतरी होतं. १८२० च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला एर्स्टेडने श्रोत्यांसमोर हे केलं, असं मी सांगत होते. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. “मॅडम, हे शाळेच्या पुस्तकात आहे.”

नोकरी मिळाली नाही. ज्याला मिळाली त्याने एक नाव सांगितलं असणार. एर्स्टेडच्या त्या प्रयोगातही सुई जेमतेम हलली होती आणि श्रोत्यांवर फारशी छाप पडली नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्याची नोकरी मात्र शाबूत होती.

त्या वेळची मी अजूनही तावातावाने म्हणते, ती माणसं झापडबंद होती. तिला मी आता विचारते, गुरुत्वाकर्षण म्हटलं की न्यूटनचं नाव तूही बिनदिक्कत घेतेस ना? मग विजेपुरतंच एवढं सोवळं का? नवख्या माणसाला पकडायला एक नाव लागतं. ते दिलं असतं तर पुढचं सगळं वर्गात शिकवता आलं असतं, अनेक मुलांना.

यावर तिच्याकडे उत्तर आहे, आणि ते मला खोडता येत नाही. १८०० मध्ये व्होल्टाची बॅटरी आली, १८३१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने चुंबक हलवून वीज काढली. तरीही घासून मिळालेली, बॅटरीतली, चुंबकाने केलेली, दोन धातूंचा सांधा तापवून मिळालेली आणि विद्युतमाशाच्या अंगातली वीज एकच का, ही शंका उरलीच होती. फॅरेडे ती निस्तरायला बसला. ही वीज सुई वळवते का, ठिणगी पाडते का, रसायनाचं विघटन करते का, असं एकेका विजेबाबत तपासत, इतरांचे निष्कर्षही पडताळत गेला. १८३३ मध्ये त्याने जाहीर केलं की उगम कुठलाही असो, वीज एकच. म्हणजे तोपर्यंत ‘कुठली वीज?’ हा प्रश्न फॅरेडेलाही पडलेला होता. मी विचारला की मात्र तो आगाऊपणा!

कुणी फारच खनपटीला बसलं तर हल्ली मी फॅरेडे म्हणते. लोक खूश होतात, त्यांना १८३१ चा वाटतो. माझ्या मनात १८३३ चा असतो, ज्याने त्या कामात नवी वीज काढली नाही, होत्या त्या एक आहेत एवढंच दाखवलं. याला शोध म्हणायचं का, यावर माझं माझ्याशीच पटलेलं नाही. गिल्बर्टने आधी फारकत केली नसती तर जोडायला काय उरलं असतं, असंही वाटतं. तेव्हा रकान्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.